कोकराला चीक, लेकराला मध

खडकवस्ती, ता. माण
४ नोव्हेंबर २०२४

सौ. उत्कर्षास हरणाबाईचा आशीर्वाद.

फोन करायचा सोडून सासू पत्र का लिव्हती म्हणून हसू नकोस. परवा फोनवर मी बोलाय लागली की तू "बरं बरं आत्याबाई, ठेवते" म्हणून मोकळी झालीस. कागद काय असा मधीच तोडता येत न्हाई. तुझं सासरं मुंबईला माथाडीत व्हतं तवा बारा वर्सं म्या त्यास्नी पत्रं लिव्हली. चौथी शिकलेली बाई हाय मी, अंगठेबहाद्दर न्हाई.

तू पयल्या बाळतपणाला माहेरी सांगलीला गेलीस, ते रीतीनं झालं. पर तुझी आई शहरात राहून रीत इसरली असंल, म्हणून दहिवडी-सांगली गाडीच्या कंडक्टरकडं पत्र्याचा डबा दिलाय. त्यात मधाची बाटली हाय. आपल्याच माळावरच्या मोहळाचा मध हाय, पाण्याचा थेंब न्हाई. बाळगुटीची पुरचुंडी, उगाळायला सहाण, काजळाची डबी आन् चार बिब्बं. खाली अळीव आन् वाकळ.

आता नीट वाच. बाळ झालं की तीन दिस अंगावर पाजायचं न्हाई. पयला चीक पिवळा आन् जड असतोय, लेकराला पचत न्हाई. त्यो पिळून टाकायचा. तवर मधात सोन्याची अंगठी उगाळून बोट चाटवायचं. पोट फुगलं तर बिब्बा तापवून पोटावर बारीक फुली मारायची. डोळ्यात काजळ, कानात दोन थेंब तेल. ह्याच हातानं म्या बिरदेव आन् सोनी वाढवली. बिरदेव तुझा नवरा असला तरी पोरगा माझा हाय, आज वाशीच्या बाजारात पोती उचलतोय, बघ की त्येची छाती. सोनीलाबी आता सहावा लागलाय, ती फेब्रुवारीत माझ्याकडंच बाळतपणाला येणार. तिलाबी ह्येच करणार.

तुझी,
हरणाबाई


सांगली
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना उत्कर्षाचा शि. सा. नमस्कार.

डबा मिळाला. अळीव ठेवून घेतले, वाकळही ठेवून घेतली, इतकी मऊ आहे की आई म्हणाली मलाच पांघरायला दे. बाकीचा डबा त्याच कंडक्टरकडं परत पाठवलाय. गाडीवर जाऊन घ्या.

राग येईल. येऊ दे. पण मला एकदाच काय ते लिहून टाकायचंय. मध वर्षाच्या आतल्या बाळाला एक बोटसुद्धा द्यायचा नाही. मधात एक जंतू असू शकतो. तुम्हा-आम्हाला त्याचं काही होत नाही, पण तान्ह्या आतड्यात तो विष सोडतो आणि बाळ लुळं पडतं. मोहळ आपल्या माळावरचं असो नाहीतर स्वर्गातलं. बिब्ब्यानं कातडी भाजते. तेलानं कान पिकतो. काजळ घालायचं म्हणजे तान्ह्या डोळ्यात बोट खुपसायचं, ते मी कुणाला करू देणार नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीपण नाही. आणि पहिला चीक तर पहिल्या तासातच पाजायचा, तेच बाळाचं पहिलं औषध. हे माझ्या मनाचं नाही, इथल्या डॉक्टरीणबाई दर तपासणीला सांगतात, आणि आपल्या वस्तीवरच्या आशाताईही हेच सांगत होत्या. तुम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतंत.

बाळ तुमच्या घरचं आहे हे मला मान्य आहे. पण ते माझ्या पोटात आहे, त्यामुळे पहिला शब्द माझा.

तुमची,
उत्कर्षा


खडकवस्ती
१६ नोव्हेंबर २०२४

उत्कर्षास,

डबा आणाय मी स्टँडवर उन्हातनं गेली. कंडक्टर इचारतोय, "मावशी, गेलेला डबा परत कसा आला?" काय सांगू त्येला, सुनंनं तोंडावर फेकला म्हणू?

बीएस्सी झालीस म्हणून तूच तेवढी शाणी व्हय? आमी काय येड्याच पोरं वाढवत आलो? माझी सासू, तिची सासू, समद्या येड्या? डॉक्टरीणबाई चार दिस बघंल आन् दुसरं गिऱ्हाईक बघाय जाईल. जल्मभर लेकराचं पोट दुखलं तर ती येणार हाय का चोळाय?

हितं मेंढ्या विताय लागल्यात. तुझं सासरं कळप घिऊन खाली कराडाकडं गेलं, दहा-बारा गाभण मेंढ्या माझ्याजवळ ठेवल्यात. काल बांडी मेंढी जुळं व्याली. एक कोकरू चाटलं, दुसऱ्याला जवळ घिईना, लाथाच घालाय लागली. म्या तिला मेखंला बांधली, पायात पाय अडकवून बसली, चीक पिळला आन् बाटलीनं दुसऱ्याच्या घशात घातला. चीक पोटात गेला न्हाई तर कोकरू धरत न्हाई, तिसऱ्या दिशी मान टाकतंय. आता कसं उड्या मारतंय बघाय पायजे तू. तू असतीस तर डॉक्टरला फोन लावत बसली असतीस.

मध वतून टाकला न्हाई. ठेवलाय.

हरणाबाई


सांगली
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.

फोनवर यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. शुक्रवारी, बावीस तारखेला दुपारी मुलगी झाली. दोन किलो आठशे. नाक तुमच्यासारखं आहे, म्हणजे स्वभावही तसाच असणार, मी तयारीत आहे.

झाल्यावर पाऊण तासात तिला अंगावर घेतलं. चीक पाजला, एक थेंब वाया घालवला नाही. पचला. काहीही झालं नाही. पाचवीला सटवाईची पूजा केली, वही आणि पेन ठेवलं. रीत म्हणून जिच्यात बाळाचं काही वाईट होत नाही ती मी सगळी करते, हे लक्षात असू द्या.

दूध भरपूर आहे, बाळ छान आहे. काळजी नसावी. बारशाला या.

तुमची,
उत्कर्षा


खडकवस्ती
२ डिसेंबर २०२४

उत्कर्षास,

बाळ छान हाय, न्हवं का? मग चवथ्या दिशी वजन केलं तवा दोनशे गिराम उतरलं ते कुणाचं? माझं? बिरदेवच्या तोंडातनं निघालं, मग समदं काढून घेतलं. तू त्येला सांगतीस आन् मला छान छान लिव्हतीस. पोरगी रडून रडून निळी पडली व्हती म्हणं, आन् तुला दूधच येत नव्हतं.

ह्येच मी सांगत व्हती. तीन दिस दूध येतच न्हाई, म्हणून तर मध चाटवायचा. उपाशी ठेवलंस लेकराला तुझ्या शाणपणापायी! माझ्या नातीचं दोनशे गिराम!

मी बारशाला येत न्हाई. सोनीलाबी एवढ्या लांब एसटीत धाडत न्हाई. आत्याशिवाय पोरीचं नाव ठिवायचं असंल तर ठीव, ते बी पुस्तकात बघून ठीव.

हरणाबाई


सांगली
६ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना,

हो, लपवलं. तुम्ही असंच लिहिणार हे माहीत होतं म्हणून लपवलं.

आता खरं वाचा. तिसऱ्या दिवशी ती रडायची थांबेचना. मला वाटलं दूधच नाही, मी हिला मारणार. माझी आई, जी रीत विसरली असं तुम्ही म्हणता, तीच शेजारणीकडून चमचाभर मध घेऊन आली. "चाटव गं एकदाच, कुणाला कळतंय." मी चमचा हातात घेतला होता. खोटं कशाला सांगू, तिच्या ओठापर्यंत नेला होता. मग उठले आणि मोरीत नेऊन धुतला. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

नर्सबाई आल्या, म्हणाल्या, दूध आहे, तू धरतेस चुकीचं. नुसतं टोक तोंडात देतेस. पोटाला पोट लावून, तोंड मोठं उघडलं की काळा भागसुद्धा आत द्यायचा. अर्ध्या तासात ती घटाघटा प्यायला लागली. आणि वजन पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. काल केलं, दोन किलो नऊशे. दोनशे परत आले, वर शंभर व्याज.

आता माझा एक प्रश्न आहे. तुमचंच पत्र समोर ठेवून लिहितेय. "चीक पोटात गेला न्हाई तर कोकरू धरत न्हाई, तिसऱ्या दिशी मान टाकतंय." हे तुमचं अक्षर. मेंढीला मेखेला बांधून, लाथा खाऊन तुम्ही कोकराला चीक पाजता, आणि माझ्या लेकीचा पिळून टाकायला सांगता? मेंढराचं पोर जगलं पाहिजे आणि माणसाचं मधावर सोडायचं? तुमची सगळी लेकरं जगली, म्हणून तुम्हाला हे कळत नाही. एखादं गेलं असतं म्हणजे कळलं असतं.

बारसं केलं नाही. पुस्तकातलं नाव मला नको. तोवर आम्ही तिला बाळी म्हणतो.

उत्कर्षा


सांगली
३० डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.

चोवीस दिवस झाले, तुमचं पत्र नाही. फोन केला की कुणी उचलत नाही. यांना विचारलं, आई काही बोलली का? तर म्हणाले, "पत्र आलं त्या दिवशी जेवली न्हाई एवढंच शेजारच्या पारूबाई सांगत व्हत्या." का ते यांनाही माहीत नाही.

शेवटची ओळ मी रागात लिहिली. बाकीच्या पत्रातलं अक्षरही मागं घेणार नाही, पण ती ओळ लिहायला नको होती.

बाळी साडेतीन किलोची झाली. सोबत फोटो आहे.

उत्कर्षा


खडकवस्ती
८ जानेवारी २०२५

उत्कर्षास आशीर्वाद.

फोटो बघितला. नाक माझं न्हाई, माझ्या आईचं हाय.

तुझं पत्र म्या चारदा वाचलं. लेकरं जगली ती ओळ तर दिसंना झाली तवर वाचली. रागवली न्हाई तुझ्यावर. तुला ठावंच नव्हतं. बिरदेवला आन् सोनीलाबी ठावं न्हाई, तुझ्या सासऱ्यास्नी तेवढं ठावं, ते बी कवा बोलत न्हाईत.

बिरदेवच्या आदी मला एक पोरगी झाली व्हती. मेंढरांच्या वाड्यावर, रानात हिंडताना झाली. सासूनं चीक पाजू दिला न्हाई. म्या हातानं पिळून बाभळीच्या बुडात टाकला. छाती दगडावाणी झाली व्हती, दुखाय लागलं तरी पिळला. पोरीला गूळपाणी आन् मध दिला. चवथ्या दिशी अंगावर घेतली तवा तिला चोखायचंच कळंना. नवव्या दिशी गेली. बाराव्याच्या आदी गेली म्हणून नाव न्हाई. नाव न्हाई म्हणून कुणी तिचं नावच काढलं न्हाई.

आन् बाय, त्याच हप्त्यात म्या तीन कोकरं बाटलीनं जगिवली. पोरगी गेली त्या दिशीबी सकाळी चीक पिळला व्हता मेंढीचा. माझ्या ध्यानात आलं न्हाई. तीस वर्सं आलं न्हाई. आलं असंल तर म्या येऊ दिलं न्हाई. मनाला सांगत आली, कोकरू जल्मल्या जल्मल्या पळतंय, माणसाचं लेकरू मान बी धरत न्हाई, त्येचं पोट नाजूक, त्येला कसा पचंल. तू लिव्हलंस तवा पयल्यांदा ते दोन्ही एका कागदावर आलं.

चिकानं ती वाचली असती का ते देवाला ठावं. आशाताईला ह्या बारीला बसवून इचारलं, तिलाबी सांगता येईना. पर म्या तो टाकला व्हता, एवढं खरं.

चमचा मोरीत धुतलास ते लय बेस केलंस. माझ्यात तेवढी ताकद नव्हती गं त्या वक्ताला. सासूम्होरं मान वर कराय बी भ्यायची मी.

तुझी,
हरणाबाई


सांगली
१४ जानेवारी २०२५

आत्याबाई,

तिळगूळ पाठवतेय. पत्र वाचून मी आणि आई दोघी रडलो. आई माझ्याशी मधाच्या चमच्यापासून धड बोलत नव्हती, ती आता बोलायला लागली.

मला माफ करा, त्या एका ओळीबद्दल. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या असाल तेव्हा. तुमच्या बाजूनं कुणी उभं नव्हतं. माझ्या बाजूनं डॉक्टरीण होती, नर्सबाई होत्या, तरी माझा हात चमच्यापर्यंत गेलाच की. त्यात तुमचा गुन्हा नाही.

पण आता सोनीताई येतील. मी काही सांगणार नाही. डबा तुमच्याकडंच आहे.

तुमची,
उत्कर्षा


खडकवस्ती
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. उत्कर्षास हरणाबाईचा लय लय आशीर्वाद.

सोनी मोकळी झाली. सोमवारी दवाखान्यात, दुपारी बाराला. पोरगा झाला, तीन किलोचा. दोघं बरी हायेत. हे फोनवर कळलंच असंल. फोनवर जे कळलं न्हाई ते लिव्हती.

सोनीची सासू अंबूबाई दवाखान्यात आदीच येऊन बसली व्हती. नवी इरकल, नाकात नथ, आन् पिशवीत काय असंल? मधाची बाटली. हातातली अंगठी काढून तयारच. लेकाच्या आईचा मान, आपुन पोरीकडचं. तुला ठावं हाय, पोरीकडच्यानं किती खाली बघायचं असतंय ते.

नर्सनं पोरगं सोनीच्या अंगावर दिलं. अंबूबाई म्हणाली, "थांबा, आदी माझ्या नातवाला सोनं-मध चाटवू द्या. चीक जड असतोय, तीन दिस पाजायचा न्हाई." सोनी माझ्या तोंडाकडं बघाय लागली.  तीस वर्सामागं माझी सासू ज्या सुरात बोलली, अगदी त्योच सूर.

म्या उठून मधी हुबी राहिली. म्हणलं, "विहीणबाई, मान तुमचा मोठा, पर चीक माझा नातू पिणार."

ती म्हणाली, "ही कुठली नवी रीत? सांगलीच्या सुनंनं शिकिवली काय?"

म्या म्हणलं, "सुनंनं शिकिवली, मेंढीनंबी शिकिवली. तुमच्या घरात मेंढी व्याली की चीक टाकता का?"

 तिच्याबी दावणीला साठ मेंढ्या हायेत.

मग म्हणाली, "माणसाची गोष्ट येगळी." माझंच वाक्य, बघ! म्या म्हणलं, "व्हय, येगळी हाय. कोकरू मेलं तर दुसरं इकत मिळतंय." आन् सगळ्यांम्होरं सांगून टाकलं, माझी पयली पोरगी कशी गेली ते. जावई तितं, दोन नर्सा तितं, सोनी तितं. सोनी रडाय लागली, "आई, मला बहीण व्हती?" म्हणली. तवर पोरगं चुटुचुटू प्याय लागलं व्हतं. रडणारीला म्हणलं, रडू नगंस, पोटाला पोट लाव, तोंड मोठं उघडू दे. तू लिव्हलेलं म्या पाठ केलं व्हतं.

अंबूबाई फुगून बसली. लगीच जाते म्हणाली. म्या हाताला धरून घरी आणली, भाकरी-कालवण वाढलं, आन् दोन्ही बाटल्यांतला मध, तिचाबी आन् माझाबी, वाटीत घालून भाकरीबरं ताटात ठेवला. म्हणलं, खावा, वाया कशाला घालायचा, मध मोठ्या माणसासाठी लय चांगला. पयल्यांदा वाटी बाजूला सारली. मग खाल्ला की! वाटी चाटून खाल्ला.

बिब्बं चुलीत टाकलं. काजळाची डबी देवळीत ठेवली, तुझ्या नि माझ्या डोळ्यासाठी. गुटीची सहाण गायीच्या पाण्याच्या भांड्याला टेकू लावलीय. एवढं समदं तुझं ऐकलं. आता माझं एक ऐक. बाळीला न्हाऊ मीच घालणार. तेल लावून, पायावर घिऊन, चांगलं रगडून. त्यात तुझी डॉक्टरीण म्हणंल ते मी ऐकणार न्हाई. कानात तेल घालत न्हाई, जा, सुटलीस.

आणिक एक. सोनी आता सव्वा म्हैना झाला की मोकळी हुईल. आत्या हाय, नाव ठिवाय ती तयार हाय. बाळी घिऊन ये, बारसं हितंच करू. पोराचं नाव सोनीच्या घरचं ठिवतील, बाळीचं नाव सोनी ठिवंल. पर एक नाव तू काढ. पुस्तकात बघ न्हाईतर मनानं काढ, तू बीएस्सी हायेस, चांगलं काढशील. माझ्या पयल्या पोरीसाठी. तिसरा पाळणा बांधणार हाय मी, रिकामा. गावातल्या बायका बोलावणार, त्यांच्याम्होरं त्या पाळण्यात नाव घालणार. गेलेल्या लेकराचं बारसं करत न्हाईत म्हणून लोकं बोलतील. बोलू द्या.

तुझी,
आत्याबाई